उरुग्वेतला पगार आणि पुण्यातला हप्ता

पुण्यातील एका संगणक अभियंत्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या कंपनीने त्यांना उरुग्वेची राजधानी माँटेव्हिडिओ येथे तीन वर्षांसाठी जाण्याचा प्रस्ताव दिला आहे. पगार दरमहा १,८०,००० उरुग्वेयन पेसो, तोही स्थानिक करारावर. सोबत पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी जाणार आहे, आणि पुण्यातल्या सदनिकेच्या कर्जाचा दरमहा ५६,००० रुपयांचा हप्ता चालू राहणार आहे. एवढ्या पगारात किती शिल्लक राहील, दक्षिण अमेरिकेत बँकेतला पैसा सुरक्षित असतो का, आणि नेमणुकीच्या कागदपत्रांत सामाजिक सुरक्षा नको असल्याचे लिहून देण्याचा जो एक अर्ज आला आहे त्यावर सही करावी की नाही, असे त्यांनी विचारले आहे. जाताना रोख रक्कम किती न्यावी, असा एक छोटा प्रश्नही शेवटी आहे. मी सनदी लेखापाल आहे. माँटेव्हिडिओत सहा वर्षे राहिलो आहे आणि परतल्यानंतरही तिथे जाणाऱ्या-येणाऱ्या भारतीय कुटुंबांचे हिशेब पाहत आलो आहे, त्यामुळे हे उत्तर थोडे लांबणार आहे.

तिसऱ्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यावरच अवलंबून आहे. आपण डॉलरला ४० पेसो धरून १,८०,००० चे ४,५०० डॉलर काढले असतील, त्याचे जवळपास चार लाख रुपये होतात असे पाहिले असेल, आणि तिथेच थांबला असाल. बहुतेक जण तिथेच थांबतात. उरुग्वेत ठोक पगार आणि हातात येणारा पगार यांतले अंतर आपल्याकडच्यापेक्षा पुष्कळ मोठे असते, आणि ते किती असेल हे आपले कार्यालय शहरात आहे की मुक्त क्षेत्रात, म्हणजे करसवलती असलेल्या खास व्यापारी वसाहतीत, यावर ठरते.

सर्वसाधारण नोकरदाराच्या पगारातून तिथे प्रथम बीपीएसची, म्हणजे सामाजिक विमा बँकेची कपात होते. निवृत्तिवेतनासाठी १५ टक्के, आरोग्याच्या फोनासा या निधीसाठी आपल्यासारख्या पगाराला अल्पवयीन मूल असल्यास ६ टक्के, पत्नीला स्वतःचे संरक्षण नसेल तर आणखी २ टक्के, आणि कामगार पुनर्रचना निधीचा ०.१ टक्का. म्हणजे १,८०,००० मधून ४१,५८० पेसो प्राप्तिकराआधीच गेले. त्यानंतर आयआरपीएफ हा प्राप्तिकर येतो, जो उरुग्वेत जुलै २००७ पासून लागू आहे. त्याचे टप्पे बीपीसी नावाच्या एककात मोजतात. २०२५ साली एक बीपीसी ६,५७६ पेसोंचा होता. दरमहा सात बीपीसीपर्यंत कर नाही, पुढे १०, १५, २४ असे चढत ११५ बीपीसीच्या वर ३६ टक्क्यांपर्यंत दर जातो. आपण २४ टक्क्यांच्या टप्प्यात येता. मुलीबद्दलची आणि विमा कपातीबद्दलची वजावट मिळते, पण ती उत्पन्नातून थेट वजा होत नाही. या पगाराला तिच्या रकमेच्या ८ टक्के एवढीच सूट करात मिळते. सगळे धरून कर महिन्याला सुमारे २५,००० पेसो होतो. हातात उरतात साधारण १,१३,००० पेसो, म्हणजे ठोक पगाराच्या त्रेसष्ट टक्क्यांच्या आसपास.

आता तो अर्ज. उरुग्वेच्या मुक्त क्षेत्रांचा मूळ कायदा १९८७ चा आहे, आणि त्यात काम करणाऱ्या परदेशी कर्मचाऱ्यांना एक सवलत आहे. आपल्याला तिथल्या सामाजिक सुरक्षेचा लाभ नको असे लेखी दिले, तर बीपीएसची कपात होत नाही, आणि असे लिहून देणाऱ्याला चढत्या दराच्या आयआरपीएफऐवजी आयआरएनआर, म्हणजे अनिवासींचा प्राप्तिकर, सरसकट १२ टक्के दराने भरण्याचा पर्याय घेता येतो. माँटेव्हिडिओत भारतीयांची वर्दळ सुरू झाली ती प्रामुख्याने शहराबाहेर रूता ओचो, म्हणजे आठव्या महामार्गावरच्या झोनामेरिका या मुक्त क्षेत्रामुळे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने २००२ साली या शहरात आपले केंद्र उघडले, आणि मुंबई-पुण्याच्या अनेक तरुणांनी स्पॅनिशचे पहिले शब्द तिथेच गिरवले. आपल्याला हा अर्ज आला आहे, त्या अर्थी आपले कार्यालय अशाच एखाद्या क्षेत्रात असावे. तरीही कंपनीकडून ते लेखी विचारून घ्यावे, कारण शहरातल्या कार्यालयात बसणाऱ्याला ही सवलत मिळत नाही, आणि एकाच कंपनीची दोन ठिकाणी कार्यालये असू शकतात.

सही केल्यास हिशेब बदलतो. १,८०,००० मधून १२ टक्के गेले की १,५८,४०० उरतात. दोन पर्यायांत दरमहा सुमारे ४५,००० पेसोंचा, म्हणजे अकराशे डॉलरहून अधिक फरक आहे. बीपीएसमध्ये भरलेला पैसा तीन वर्षांनी परतणाऱ्या भारतीयाला बहुधा कधीच परत दिसत नाही. २०२३ च्या सुधारणेनंतर तिथे निवृत्तीचे सर्वसाधारण वय ६५ आणि किमान सेवा ३० वर्षांची झाली आहे. कमी सेवेवर मिळणाऱ्या वृद्धापकाळाच्या निवृत्तिवेतनालाही सत्तरी आणि पंधरा वर्षांची कपात लागते. स्पेन, पोर्तुगाल आणि लॅटिन अमेरिकेतल्या देशांची वर्षे एकमेकांत जोडण्याचा इबेरो-अमेरिकन करार आहे, पण भारत त्यात नाही. कपातीतला काही भाग आफाप या खासगी निवृत्ती खात्यात गेला, तरी देश सोडताना तो आपल्या भविष्य निर्वाह निधीसारखा काढून घेता येईल, या भरवशावर राहू नये.

म्हणून माझे मत सही करण्याच्या बाजूने आहे, पण एका अटीवर. सही करताना निवृत्तिवेतनाबरोबर फोनासाचे आरोग्यसंरक्षण जाते, आजारपणात चौथ्या दिवसापासून मिळणारा सत्तर टक्क्यांचा भत्ता जातो, नोकरी गेल्यास मिळणारा बेरोजगार भत्ता जातो आणि बाळंतपणाचा भत्ताही जातो, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मी राहत असताना एका कुटुंबाने हा अर्ज भरला, आरोग्याची सोय नंतर बघू म्हणून दोन महिने टाळले, आणि त्याच दोन महिन्यांत मुलाच्या अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली. वर्षभरात जेवढा कर वाचणार होता तेवढा त्यात गेला. तेव्हा सही करण्यापूर्वी कंपनी तिघांचा आरोग्य विमा देते का, देत असेल तर पोहोचल्या दिवसापासून की तीन महिन्यांनी, हे विचारा. देत नसेल तर मुतुआलिस्ता, म्हणजे सभासदांच्या वर्गणीवर चालणाऱ्या तिथल्या आरोग्य संस्थांपैकी एखादीचे खासगी सभासदत्व पहिल्याच आठवड्यात घ्या. या संस्था चांगल्या आहेत. वर्गणीशिवाय प्रत्येक तपासणीला आणि औषधाला एक छोटी रक्कम द्यावी लागते, तिला तिकेत किंवा ओर्देन म्हणतात. आधीपासूनचा आजार असेल तर खासगी प्रवेशात अडचण येऊ शकते. तसे काही घरात असेल, तर मात्र मी फोनासा सोडण्याचा सल्ला देणार नाही, मग कर कितीही वाचो.

आता खर्च. उरुग्वे हा लॅटिन अमेरिकेतल्या महागड्या देशांपैकी एक आहे. आपण ब्राझील किंवा पेरूला गेलेल्या मित्राकडून ऐकलेले आकडे इथे उपयोगी पडणार नाहीत. ३५ लाखांच्या आसपास लोकसंख्या, म्हणजे पुण्यापेक्षाही लहान बाजारपेठ, बहुतेक कारखानी माल आयात, आणि त्यावर इव्हा हा मूल्यवर्धित कर सर्वसाधारण २२ टक्के, तर काही गरजेच्या वस्तूंवर १० टक्के. उपाहारगृहात कार्डाने पैसे दिले तर इव्हाच्या दरात नऊ टक्क्यांची सूट मिळते, म्हणजे २२ ऐवजी १३ टक्के लागतो, त्यामुळे तिथे रोख देणे म्हणजे आपल्या हाताने नुकसान करून घेणे होय. पेट्रोल लिटरला दोन डॉलरच्या आसपास आहे. मोटारीच्या किमती डॉलरमध्ये सांगतात आणि त्या ऐकून भारतीय माणूस निमूटपणे बसचे एसटीएम कार्ड काढतो. तीन वर्षांसाठी मोटार घेऊ नये, एवढे बोलून मी हा विषय संपवतो.

घराचे भाडे हा सर्वांत मोठा खर्च. पोसितोस, पुन्ता कार्रेतास, बुसेओ या किनाऱ्यालगतच्या भागांत दोन शयनगृहांच्या बऱ्या सदनिकेला ४०,००० पेसो किंवा त्याहून जास्त धरा. शिवाय गास्तोस कोमुनेस, म्हणजे आपल्या सोसायटीच्या मेंटेनन्ससारखी रक्कम, जी आपल्याकडे हजार-दोन हजारांत भागते आणि तिथे भाड्याच्या पाचव्या हिश्शापर्यंत सहज जाते. दरवान, उद्वाहन आणि काही इमारतींत सामायिक ऊष्मीकरण हे सगळे तीत येते. जाहिरातीत भाडे मोठ्या अक्षरात आणि ही रक्कम खाली बारीक अक्षरात असते. घर पाहायला गेलात की पहिला प्रश्न तिचाच विचारा, आणि दुसरा पाणी तापवण्याच्या कालेफोनचा. वीज सरकारी यूटीई कंपनीची आहे, जवळजवळ सगळी वारा, पाणी आणि जैवभारापासून तयार होते, तरीही स्वस्त नाही. जुलै-ऑगस्टच्या दमट थंडीत विजेचे बिल पाहून धक्का बसतो, आणि त्यातला मोठा वाटा दिवसभर चालू ठेवलेल्या कालेफोनचा असतो. वेळेनुसार दर बदलणारी योजना घेतली आणि कालेफोनला टायमर लावला, तर हा खर्च बराच आवरतो.

भाडेकरारासाठी जामीन लागतो. स्थानिक माणसे सरकारी लेखा कार्यालयाची किंवा आन्दा या संस्थेची हमी पगारातून घेतात, काही जण विमा कंपनीची हमी विकत घेतात. नव्याने आलेल्या परदेशी माणसाला पगाराच्या पावत्या नसल्याने यांतले काहीच लगेच मिळत नाही, आणि मग घरमालक गृहकर्ज बँकेत पाच महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत मागतो. ४२,००० भाडे धरले तर २,१०,००० पेसो, म्हणजे पाच हजार डॉलरहून जास्त, नोकरीच्या पहिल्या महिन्यातच. त्यावर दलालाचे बहुधा एक महिन्याचे भाडे आणि त्यावरचा इव्हा. म्हणून वाटाघाटीत पगार वाढवून मागण्यापेक्षा कंपनीने भाड्याची हमी द्यावी असे मागा. कंपनीला ती जवळजवळ फुकट पडते. आपल्यासाठी मात्र तो सुरुवातीच्या सगळ्या बचतीचा प्रश्न आहे.

पेसोतल्या निवासी भाडेकरारांत भाडे वर्षातून एकदा वाढते, आणि ती वाढ राष्ट्रीय सांख्यिकी संस्था दरमहा प्रसिद्ध करते त्या गुणकाने ठरते. तो गुणक महागाई आणि वेतन निर्देशांक यांपैकी जे कमी असेल त्याला बांधलेला असतो, त्यामुळे मालकाच्या लहरीची भीती नाही. काही मालक मात्र डॉलरमध्ये किंवा यूआयमध्ये करार करू पाहतात. डॉलरचा करार पेसोत पगार घेणाऱ्याने करू नये. यूआयबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण हा प्रकार आपल्याकडे नाही.

यूआय, म्हणजे उनिदाद इंदेक्सादा, हे २००२ पासूनचे हिशेबाचे एकक आहे. त्याची पेसोतली किंमत महागाईच्या दराने रोज बदलते. त्याची नोट नसते, नाणेही नसते. पण कर्जे, ठेवी, सरकारी रोखे आणि काही करार त्यात होतात. म्हणजे उरुग्वेत प्रत्यक्षात तीन चलने चालतात. किराणा आणि पगार पेसोत. घर-जमीन आणि मोटार डॉलरमध्ये. गृहकर्ज आणि दीर्घ मुदतीचे करार यूआयमध्ये. बँकांतल्या ठेवींपैकी सुमारे सत्तर टक्के परकीय चलनात, मुख्यतः डॉलरमध्ये आहेत आणि त्याला कायद्याची आडकाठी नाही. एटीएम यंत्रातून पेसोप्रमाणे डॉलरही निघतात. आपल्या बाबतीत रुपया हे चौथे चलन. माझ्याकडे आलेल्या बहुतेक तक्रारी अशा होत्या की ज्यांत पगार पुरेसा होता, पण तो ज्या चलनात येत होता त्याहून वेगळ्या चलनात देणी उभी होती.

याचे ताजे उदाहरण देतो. २०२४ च्या अखेरीस डॉलर ४४ पेसोंच्या आसपास होता, वर्षभरानंतर तो चाळिशीच्या खाली-वर आला. पेसोत पगार असणाऱ्याचे डॉलरमधले उत्पन्न या काळात दहा टक्क्यांनी वाढले, त्याने काही न करता. ज्यांचा पगार डॉलरमध्ये ठरला होता, त्यांचे भाडे पेसोत वाढत राहिले आणि पगाराचे पेसो कमी होत गेले. २०२२-२३ मध्येही हेच झाले होते, आणि तिथले निर्यातदार व वर्तमानपत्रे ‘आत्रासो काम्बियारियो’, म्हणजे डॉलरचा दर महागाईच्या मागे पडला, म्हणून रोज गळा काढत होती. याच्या उलटही होते. म्हणून डॉलरचा पगार नेहमीच चांगला, ही आपल्याकडची समजूत उरुग्वेत लागू पडत नाही. आपला प्रस्ताव पेसोत आहे आणि आपला खर्चही मुख्यतः पेसोत आहे, हे मला बरेच वाटते. फक्त पगारात महागाईनुसार वाढ लिहिली आहे का, ते करारात पाहा. २००५ पासून पुन्हा सुरू झालेल्या वेतन मंडळांच्या निर्णयांनुसार तिथे वाढ बहुधा जानेवारी आणि जुलैमध्ये होते, पण मंडळ ठरवते ते किमान वेतन आणि सर्वसाधारण वाढ. वरच्या पगाराच्या परदेशी माणसाला ती आपोआप लागू होईल असे गृहीत धरू नका. गेल्या दोन-तीन वर्षांत महागाई पाच टक्क्यांच्या आसपास आणि त्याखालीही आली आहे, पण २०२० मध्ये ती नऊ टक्क्यांच्या वर होती, आणि तीन वर्षांचा करार करताना तेवढे मागचे पाहायला हवे.

बँकेच्या सुरक्षिततेबद्दल. आपल्या मनात अर्जेंटिना आहे, हे प्रश्नाच्या सुरावरून कळते. डिसेंबर २००१ मध्ये अर्जेंटिनाने ठेवी गोठवल्या आणि पुढे डॉलरच्या ठेवी सक्तीने पेसोत बदलल्या. त्याची झळ नदीपलीकडे पोहोचलीच. अर्जेंटिनी ठेवीदारांनी उरुग्वेतून पैसे काढायला सुरुवात केली, जून २००२ मध्ये पेसो मोकळा सोडावा लागला, वर्षभरात डॉलर १४-१५ वरून २७ च्या आसपास गेला, आणि ३० जुलैला बँकांना सुट्टी जाहीर करावी लागली. अमेरिकेने दीड अब्ज डॉलरचे तात्पुरते कर्ज दिले, त्यावर ५ ऑगस्टला बँका उघडल्या. सरकारी बँकांतल्या डॉलरच्या मुदत ठेवींची परतफेड तीन वर्षांपर्यंत लांबवली गेली, पण ती डॉलरमध्येच झाली. काही खासगी बँका मात्र बुडाल्या. उरुग्वेचा माणूस आजही या दोन देशांतला फरक सांगताना हाच मुद्दा काढतो, आणि तो खरा आहे. २०१२ मध्ये देशाचे गुंतवणूकयोग्य पतमानांकन परत आले. परकीय चलन बाहेर पाठवण्यावर निर्बंध नाहीत, काळा बाजार नाही, आणि म्हणून अर्जेंटिनात ऐकू येणारा ‘ब्लू डॉलर’ हा शब्द इथे निरर्थक आहे.

तरीही सगळी शिल्लक तिथल्या बँकेत डॉलरमध्ये साठवू नका, आणि त्याची कारणे अगदी व्यावहारिक आहेत. डॉलर ठेवींवर व्याज नगण्य मिळते, त्यावरही १२ टक्के कर. ठेव विम्याचे संरक्षण परकीय चलनात एका बँकेत माणशी १०,००० डॉलरपर्यंत आहे, तर स्थानिक चलनात ते २,५०,००० यूआयपर्यंत, म्हणजे सध्याच्या भावाने चाळीस हजार डॉलरच्या आसपास जाते. सहा महिन्यांच्या खर्चाइतके पेसो किंवा यूआयमध्ये ठेवा, बाकीचे दर महिन्याला डॉलर करून भारतात पाठवा. डॉलर घेताना बँकेच्या फलकावरचा दर पाहू नका. खरेदी आणि विक्रीच्या दरांत तिथे दोन-अडीच पेसोंचे अंतर असते, म्हणजे सहा टक्क्यांपर्यंत. सरकारी बँक रेपुब्लिकाच्या ऑनलाइन सेवेत खातेदाराला वेगळा, बराच चांगला दर मिळतो. हजार डॉलरमागे जे पंधरा-वीस डॉलर वाचतात, तेवढ्यात पुण्याला पैसे पाठवण्याचे बँकेचे शुल्क निघते. पेसो थेट रुपयांत बदलण्याची सोय नाही. मधे डॉलर येणारच.

तर आता आपला महिना मांडू. सही केली, हातात १,५८,४०० आले. भाडे आणि गास्तोस कोमुनेस ५१,०००. वीज, पाणी, दूरध्वनी, इंटरनेट ८,०००. किराणा आणि अधूनमधून बाहेर जेवणे २८,००० ते ३०,०००. तांदूळ तिथे उत्तम पिकतो, दूध-लोणी चांगले, मसूर-छोले सहज मिळतात. तूरडाळ आणि गोडा मसाला मात्र घरूनच न्यावा लागतो. मुलीची खासगी द्विभाषिक शाळा २५,००० च्या आसपास, बस आणि किरकोळ ६,०००, तिघांचे आरोग्य १३,००० ते १५,०००. शिल्लक २५,००० पेसोंच्या आसपास, म्हणजे सव्वासहाशे डॉलर, म्हणजे डॉलर ८५ ते ९० रुपये धरला तर पुण्याचा हप्ता जेमतेम. सही केली नाही, तर हप्ता सोडाच, महिनाच तोट्यात जातो. आपण जे चार लाख रुपये मनात धरून प्रश्न विचारला, त्यांतले शिल्लक एवढेच.

खरी बचत कोठून होईल? आगिनाल्दो, म्हणजे तेरावा पगार, तिथे कायद्याने मिळतो, अर्धा जूनमध्ये आणि अर्धा डिसेंबरमध्ये. सामाजिक सुरक्षा नाकारली तरी तो कामगार कायद्याचा हक्क असल्याने जात नाही. शिवाय वर्षाच्या वीस दिवसांच्या रजेवर जाताना पगाराव्यतिरिक्त तेवढ्या दिवसांचा निव्वळ पगार सालारियो वाकासिओनाल म्हणून मिळतो. हे दोन्ही मिळून वर्षाला साडेसहा हजार डॉलरच्या आसपास हातात येतात, आणि भारताची तीन तिकिटे काढूनही काही उरते. प्रस्तावात ‘वार्षिक पगार’ असा आकडा असेल, तर तो बाराने भागला आहे की तेराने, हे विचारा. दुसरी जागा मुलीची शाळा. सरकारी शाळा मोफत आहेत, सहा वर्षांचे मूल स्पॅनिश चार-सहा महिन्यांत उचलते, आणि माझ्या ओळखीच्या दोन मराठी कुटुंबांनी हा मार्ग समाधानाने निभावला. फक्त तिथले वर्ष मार्चमध्ये सुरू होऊन डिसेंबरमध्ये संपते. परत येण्याची तारीख ठरवताना पुण्यातला जून डोळ्यांपुढे ठेवावा. पत्नीला काम करायचे असेल, तर सेदुला हे ओळखपत्र हाती येताच ते कायदेशीररीत्या शक्य होते, पण स्पॅनिशशिवाय वाव थोडा. त्या उत्पन्नावर हिशेब उभा करू नका.

भारताकडची बाजू थोडक्यात, पण ती टाळू नका. नोकरीसाठी देश सोडताच परकीय चलन कायद्यानुसार आपण अनिवासी होता, आणि पुण्यातली बचत खाती एनआरओ, म्हणजे अनिवासींची भारतातल्या उत्पन्नासाठीची खाती, करून घ्यावी लागतात. बहुतेक जण हे वर्षानुवर्षे करत नाहीत. उरुग्वेतून येणारा पैसा एनआरई, म्हणजे परदेशी कमाईसाठीच्या अनिवासी खात्यात घ्या, हप्ता तिथूनच जाऊ द्या. प्राप्तिकराचा निवास मात्र दिवसांवर ठरतो, आणि इथे दोन देशांची वर्षे जुळत नाहीत. भारताचे वर्ष एप्रिल ते मार्च, उरुग्वेचे जानेवारी ते डिसेंबर. नोकरीसाठी बाहेर पडणाऱ्या भारतीय नागरिकाचा त्या आर्थिक वर्षातला मुक्काम १८२ दिवसांहून कमी असेल, तर तो त्या वर्षासाठी अनिवासी ठरतो. सप्टेंबरअखेरीपूर्वी निघालात तर हे सहज जमते, नोव्हेंबरमध्ये निघालात तर उरुग्वेतला पहिल्या काही महिन्यांचा पगारही भारतातल्या विवरणात येतो. तसे झाल्यास तिथले बँक खातेही परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावे लागते. दोन देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार २०१३ पासून अमलात आहे, त्यामुळे तिथे भरलेल्या कराचे श्रेय मिळते, पण त्यासाठी तिथल्या डीजीआय या कर कार्यालयाचे प्रमाणपत्र वेळेत घ्यावे लागते. कंपनी आपली तारीख पुढे-मागे करायला तयार असेल, तर ऑगस्ट मागा.

एनआरई ठेवींचे व्याज भारतात करमुक्त आहे म्हणून ते सगळीकडेच करमुक्त, असा समज करून घेऊ नका. उरुग्वेत वर्षात १८३ दिवसांहून अधिक राहिलेला माणूस करनिवासी होतो, आणि करनिवासीला परदेशी व्याजावर आणि लाभांशावर १२ टक्के कर लागतो. नव्याने आलेल्यांना यातून काही वर्षे सूट घेण्याचा पर्याय आहे. २०२० च्या कायद्याने ती मुदत वाढवली, नंतर अटी पुन्हा बदलल्या. हा पर्याय आपोआप लागू होत नाही, तो निवडून कळवावा लागतो. तेव्हा पहिल्याच वर्षी तिथल्या एखाद्या कोन्तादोरकडून, म्हणजे लेखापालाकडून, आपल्या आगमनाच्या वर्षाचा नियम लेखी घ्या.

शेवटचा छोटा प्रश्न रोख रकमेचा होता. भारतातून निघताना नोटांच्या रूपात माणशी ३,००० डॉलरपर्यंतच नेता येतात, बाकीचे प्रवासी कार्डावर किंवा बँकेमार्फत. उरुग्वेत शिरताना १०,००० डॉलरहून अधिक रक्कम जवळ असेल तर ती जाहीर करावी लागते. अनामत द्यावी लागण्याची शक्यता असेल, तर पहिला पगार येईपर्यंतच्या दोन महिन्यांसाठी आठ हजार डॉलरची तरतूद करून निघा. नोटा नव्या आणि कोऱ्या मागून घ्या. घडीवर फाटलेली, शिक्का उमटलेली किंवा पेनाची रेघ असलेली शंभराची नोट तिथला चलन विक्रेता दिव्यासमोर धरतो, मान हलवतो आणि काचेखालून परत सरकवतो.